कॉम्प्युटरमध्ये नवा पार्ट टाकला आणि आवाज गेला? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

मोबाइलचा आवाज गेला तर तो एकट्याचा प्रश्न असतो. घरातल्या कॉम्प्युटरचा आवाज गेला की सगळं घर त्यात पडतं. ताईचं लेक्चर अडतं, बाबांना बाजारभावाचा व्हिडिओ ऐकू येत नाही, आजीचं कीर्तन बंद पडतं. आणि घरात मोबाइल सगळ्यात जास्त कोणाला समजतो? तुम्हाला. म्हणजे "काहून बंद झाला आवाज, पाह्य बरं जरा" हे काम तुमच्याच गळ्यात येतं.

मी खामगावात राहतो. ओळखीच्या घरांमधले कॉम्प्युटर बघायला चिखली, मेहकर, नांदुरा, मलकापूर असं माझं जाणं होतं. त्यात एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते: "नवा पार्ट टाकला, कॉम्प्युटर मस्त चालू झाला, पण आवाजच नाही." कुणी ग्राफिक्स कार्ड टाकलेलं असतं, कुणी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवलेली असते, कुणाचा मदरबोर्ड बदललेला असतो. मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो फॉरमॅट मार, दुसरा म्हणतो मदरबोर्डचा साउंड उडाला, तिसरा म्हणतो नवे स्पीकर आण.

यातलं काहीही करण्याआधी हा लेख पूर्ण वाचा. कारण पार्ट बदलल्यावर आवाज बहुतेक वेळा मेलेला नसतो, त्याने फक्त वाट बदललेली असते. ती वाट शोधायला भेंडवळच्या घटमांडणीसारखं भाकीत करावं लागत नाही. ओळीने तपासत गेलं की सापडते, आणि बहुतेक वेळा खर्च शून्य रुपये.

आवाज जातो तरी कुठे?

मोबाइलचं उदाहरण घ्या. ब्लूटूथ इअरबड्स जोडलेले आहेत आणि ते आतल्या खोलीत पडलेत. तुम्ही ओसरीवर बसून रील लावली तर फोनमधून आवाज येणार नाही. फोन बिघडला का? नाही. आवाज इअरबड्समध्ये चाललाय.

कॉम्प्युटरमध्ये अगदी हेच होतं. फरक एवढाच की तिथे आवाज बाहेर पडायच्या वाटा जास्त असतात. मदरबोर्डवर आवाजाची एक छोटी चिप असते. खूप बोर्डांवर ती रिअलटेक या तैवानच्या कंपनीची असते, जिच्या लोगोत खेकडा आहे. या चिपचा आवाज मागच्या हिरव्या भोकातून स्पीकरला जातो. ही झाली एक वाट.

दुसरी वाट एचडीएमआय केबलची. या केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो. त्यामुळे ग्राफिक्स कार्डाला स्वतःचं वेगळं साउंड डिव्हाइस असतं. तुम्ही नवं कार्ड बसवलं की विंडोजला एक नवी वाट दिसते, आणि कित्येकदा विंडोज आपणहून त्याच वाटेने आवाज सोडायला लागतं. तुमचे स्पीकर मात्र जुन्या वाटेवर वाट बघत बसलेले असतात.

यूएसबी हेडफोन, ब्लूटूथ स्पीकर, वेबकॅमबरोबर येणारी साउंडची सोय, या आणखी वाटा. जितक्या वाटा जास्त, तितका चुकायचा संभव जास्त.

कोणता पार्ट बदलला? त्यावरून संशय धरा

ग्राफिक्स कार्ड किंवा मॉनिटर बदलला असेल तर पहिला संशय चुकीच्या आउटपुटवर. आपल्याकडे एक जोडणी खूप दिसते: नव्या कार्डाला एचडीएमआय आहे, मॉनिटर मात्र जुना, निळ्या व्हीजीए केबलचा. मग मध्ये एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर लावतात. चित्र येतं. पण व्हीजीए ही १९८७ ची पद्धत आहे आणि तिच्यातून आवाज जातच नाही. विंडोजला पलीकडे एचडीएमआय दिसतं, ते आवाज तिकडे सोडतं, आणि आवाज कन्व्हर्टरपर्यंत जाऊन संपतो. काही कन्व्हर्टरला कडेला हेडफोनचं छोटं भोक असतं. तसं असेल तर स्पीकरची पिन तिथे लावून बघा, आवाज तिथे सापडेल.

टीव्हीला मॉनिटर म्हणून जोडलं असेल तर आवाज टीव्हीत जातो. टीव्ही म्यूट असेल, तर तुम्ही कॉम्प्युटरमध्ये तासभर शोधत बसाल.

मदरबोर्ड बदलला असेल तर दोन संशय: ड्रायव्हर बसलेला नाही, किंवा कॅबिनेटच्या पुढच्या भोकांची वायर बोर्डला जोडायची राहिली.

हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली आणि नवीन विंडोज घातलं असेल तर संशय फक्त ड्रायव्हरवर. डिस्क आणि आवाज यांचा थेट संबंध नसतो. विंडोज नवीन असल्यामुळे जुने ड्रायव्हर गेले, एवढंच.

फक्त रॅम वाढवली, एसएमपीएस बदलला किंवा आतली धूळ साफ केली असेल तर संशय हाताच्या धक्क्यावर. एखादी वायर निघालेली असते, किंवा मागे पिन लावताना भोक चुकलेलं असतं.

बोर्डवरचा गोल सेल, म्हणजे सीआर२०३२, बदलला असेल तर बायोसच्या सेटिंग मूळ जागी गेलेल्या असतात. त्यात आवाज बंद झालाय का, हे बघावं लागतं.

आता पायऱ्या. क्रम मोडू नका. बाहेरून आत असंच जायचं.

पायरी १: स्पीकर जिवंत आहे का?

स्पीकरची पिन कॉम्प्युटरमधून काढा आणि मोबाइलला लावा. मोबाइलला हेडफोनचं भोक नसेल तर घरातल्या टीव्हीला किंवा जुन्या फोनला लावा. गाणं वाजलं तर स्पीकर ठीक. नाही वाजलं तर स्पीकरचा अ‍ॅडॅप्टर, मागचं बटण आणि आवाजाचा गोल नॉब बघा. पार्ट बदलताना टेबल हलवलेलं असतं, तेव्हा स्पीकरचा प्लग बोर्डातून सैल होणं अगदी सहज घडतं.

उलटी तपासणीही करा. मोबाइलचे वायरवाले इअरफोन कॉम्प्युटरच्या मागच्या हिरव्या भोकात लावा. इअरफोनमध्ये आवाज आला तर कॉम्प्युटर ठीक, दोष स्पीकरचा. मोबाइलच्या इअरफोनचा माइक तिथे चालणार नाही. तो बिघाड नाही, पिनची रचना वेगळी असते.

मागच्या भोकांचे रंग लक्षात ठेवा: हिरवं स्पीकरचं, गुलाबी माइकचं, निळं बाहेरचा आवाज आत घ्यायचं. हे रंग मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलच्या पीसी ९९ या नियमावलीतून आले आणि अजूनही बहुतेक बोर्डांवर तेच आहेत. कॅबिनेट भिंतीला चिकटून असेल तर हात मागे घालून अंदाजाने पिन लावू नका. मोबाइलचा टॉर्च लावा, किंवा मागे मोबाइल धरून फोटो काढा आणि बघा.

ग्राफिक्स कार्ड टाकलं असेल तर आणखी एक बघा. मॉनिटरची केबल कार्डाला लागते, पण स्पीकरची पिन मदरबोर्डलाच लागते.

पायरी २: विंडोज आवाज कुठे सोडतंय?

खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळाजवळ स्पीकरचं चिन्ह असतं. विंडोज ११ मध्ये त्यावर क्लिक केल्यावर आवाजाच्या पट्टीशेजारी एक बाण किंवा छोटं चिन्ह दिसतं. ते दाबलं की आउटपुटची यादी उघडते. कीबोर्डवरून विंडोज, कंट्रोल आणि व्ही ही तीन बटणं एकत्र दाबली तरी हीच यादी येते. विंडोज १० मध्ये स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून वर दिसणाऱ्या डिव्हाइसच्या नावावर क्लिक करा.

यादीत काय लिहिलंय ते वाचा. मॉनिटर किंवा टीव्हीचं नाव असेल, किंवा 'एनव्हीडिया', 'एएमडी', 'इंटेल डिस्प्ले ऑडिओ' असं काही असेल, तर ती एचडीएमआयची वाट. 'रिअलटेक' किंवा नुसतं 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' असेल तर ती बहुधा मदरबोर्डची वाट. साधे स्पीकर हिरव्या भोकात लावले असतील तर ही दुसरी निवडा. ग्राफिक्स कार्ड बदललेल्या घरांमध्ये माझं काम कितीतरी वेळा इथेच संपलंय. एक क्लिक, आणि गाणं सुरू.

पायरी ३: हिरवी पट्टी हलते का?

पायरी २ ने काम झालं नाही तर ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची. स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करून 'साउंड सेटिंग्ज' उघडा. विंडोज ११ मध्ये खाली 'मोअर साउंड सेटिंग्ज' आहे, विंडोज १० मध्ये 'साउंड कंट्रोल पॅनल' अशी लिंक आहे. दोन्हींतून एक जुन्या पद्धतीची छोटी खिडकी उघडते. तिच्या 'प्लेबॅक' टॅबमध्ये सगळी डिव्हाइस दिसतात आणि प्रत्येकाच्या शेजारी एक उभी पट्टी असते.

आता यूट्यूबवर एखादं गाणं लावा आणि त्या पट्टीकडे बघा.

- पट्टी हिरवी होऊन वरखाली हलतेय, पण ऐकू काही येत नाही: विंडोजने आपलं काम केलंय. आवाज निघतोय, बाहेर कुठेतरी अडलाय. पट्टी कुठल्या डिव्हाइससमोर हलतेय ते बघा. चुकीच्या समोर हलत असेल तर योग्य डिव्हाइसवर राइट क्लिक करून 'सेट अ‍ॅज डीफॉल्ट डिव्हाइस' करा. योग्य समोरच हलत असेल तर पिन, भोक, केबल, स्पीकर पुन्हा बघा.
- कुठलीच पट्टी हलत नाही: आवाज निघतच नाहीये. ब्राउझरच्या टॅबवर म्यूटचं चिन्ह आहे का बघा. 'व्हॉल्यूम मिक्सर'मध्ये त्या अ‍ॅपचा आवाज शून्यावर आहे का बघा. मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.
- हवं ते डिव्हाइस यादीतच नाही: मोकळ्या जागेवर राइट क्लिक करून 'शो डिसेबल्ड डिव्हाइसेस'वर टिक करा. फिकट रंगात दिसलं तर राइट क्लिक करून 'एनेबल' करा.
- डिव्हाइस आहे, पण खाली 'नॉट प्लग्ड इन' लिहिलंय: कॉम्प्युटरला त्या भोकात पिनच जाणवत नाहीये. सरळ पायरी ५ वर जा.
- तरीही डिव्हाइस दिसत नाही: पायरी ४.

या एका पट्टीने अर्धे अंदाज संपतात. "सॉफ्टवेअर का हार्डवेअर" हा वाद घालत बसायची गरज उरत नाही.

पायरी ४: ड्रायव्हर

विंडोज आणि एक्स बटणं एकत्र दाबा आणि 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' या ओळीत मदरबोर्डचं साउंड दिसायला हवं. ते नसेल आणि 'अदर डिव्हाइसेस'खाली पिवळं चिन्ह लागलेलं 'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर' दिसत असेल, तर चिप आहे पण तिच्याशी बोलणारा ड्रायव्हर नाही.

आधी 'विंडोज अपडेट' चालवा. त्यात 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'ऑप्शनल अपडेट्स' असतं, तिथे ड्रायव्हर दिसला तर घ्या. तिथे नसेल तर मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर जा. मॉडेलचा नंबर बोर्डवरच ठळक छापलेला असतो, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ब्रँडेड कॉम्प्युटर असेल तर कॅबिनेटवरच्या स्टिकरवरचं मॉडेल वापरा. नव्या इंटेल बोर्डांवर आधी चिपसेटचा ड्रायव्हर आणि मग ऑडिओचा, असा क्रम ठेवा.

"सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर फुकट" असं सांगणारी सॉफ्टवेअर घेऊ नका. त्यांच्याबरोबर नको ती अ‍ॅप्स आणि जाहिराती येतात, आणि कधी कधी चांगला चालणारा ड्रायव्हरही बदलून जातो.

इथे एक अडचण नेहमी येते. नवा मदरबोर्ड किंवा नवं विंडोज असलं की इंटरनेटचा ड्रायव्हरही नसतो. ड्रायव्हर आणायला नेट हवं, आणि नेट चालायला ड्रायव्हर हवा! अशा वेळी तुमचा मोबाइल कामाला येतो. चार्जिंगच्या केबलने अँड्रॉइड फोन कॉम्प्युटरला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये जाऊन 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. विंडोज १० आणि ११ मध्ये याला बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. केबल मात्र डेटा जाणारी हवी, फक्त चार्जिंगची चालणार नाही.

कालपर्यंत आवाज होता आणि अपडेटनंतर गेला असेल तर त्याच डिव्हाइसवर डबल क्लिक करून 'ड्रायव्हर' टॅबमधलं 'रोल बॅक ड्रायव्हर' बघा.

पायरी ५: कॅबिनेट उघडावं लागलं तर

आधी आवाज मागच्या हिरव्या भोकातून येतोय का ते बघा. मागून येतो आणि पुढून येत नाही, असं असेल तर दोष जवळजवळ नक्की पुढच्या पॅनलच्या वायरचा आहे.

कॉम्प्युटर बंद करा, भिंतीतला प्लग काढा आणि मग पॉवर बटण एकदा दाबा, म्हणजे आत उरलेला करंट निघून जाईल. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्थिर वीज उतरते. एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडायचा नाही. आणि काहीही हलवण्याआधी आतला स्पष्ट फोटो काढा.

पुढच्या पॅनलकडून एक वायर येते, टोकाला छोटा काळा कनेक्टर, त्यावर 'एचडी ऑडिओ' असं इंग्रजीत लिहिलेलं. बोर्डवर तिची जागा बहुतेक वेळा मागच्या ऑडिओ भोकांच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात असते. ती जागा अडचणीची असल्यामुळे बोर्ड बदलताना हीच वायर लावायची राहून जाते.

जुन्या कॅबिनेटमध्ये त्याच वायरला दोन कनेक्टर असतात, 'एचडी ऑडिओ' आणि 'एसी९७'. एसी९७ ही इंटेलची १९९७ ची पद्धत. २००४ मध्ये तिच्या जागी एचडी ऑडिओ आलं. आताच्या बोर्डवर एचडी ऑडिओच लावा, दुसरा तसाच मोकळा राहू द्या. एसी९७ वाला लावला तर पुढे पिन लावल्याचं कॉम्प्युटरला नीट कळत नाही.

शेजारी पुढच्या यूएसबीचा कनेक्टरही अगदी तसाच दिसतो. दोघांनाही नऊ पिना. ओळखायची खूण अशी: यूएसबीमध्ये रिकामी जागा अगदी कोपऱ्यात असते, ऑडिओमध्ये ती कोपऱ्यापासून एक घर आत असते. जोर लावून बसवू नका. बसत नसेल तर जागा किंवा दिशा चुकलीय.

पायरी ६: बायोस

डिव्हाइस मॅनेजरमध्ये साउंडचा मागमूसच नसेल तर बायोस बघा. कॉम्प्युटर चालू होताना डिलीट किंवा एफ२ बटण दाबत राहा. आत 'अ‍ॅडव्हान्स्ड' किंवा 'पेरिफेरल्स' भागात 'ऑनबोर्ड ऑडिओ' किंवा 'एचडी ऑडिओ कंट्रोलर' अशी ओळ असते. ती 'एनेबल्ड' करा, सेव्ह करा, बाहेर या. बाकी कशालाही हात लावू नका.

फॉरमॅट का नको?

"फॉरमॅट मार, सगळं नीट होतं" हा सल्ला सोपा आहे, कारण देणाऱ्याचं काहीच जात नाही. जातं ते घरातल्यांचं.

मेहकर तालुक्यातल्या एका घरी पावसाळ्याच्या तोंडावर वीज कडाडली आणि मदरबोर्ड गेला. दुकानातून नवा बोर्ड बसवून आणला, आवाज नाही. दुकानदार म्हणाला फॉरमॅट करू, काही गेलं तर जाईल थोडंफार. घरच्या मुलीने आधी मला फोन केला. मी तिला विचारलं, डेस्कटॉपवर काय काय आहे? तिने एक एक फोल्डर वाचायला सुरुवात केली आणि एका नावापाशी थांबली. आजोबांनी शेवटच्या वर्षी म्हटलेले अभंग तिने फोनवर रेकॉर्ड केले होते आणि फोन भरला म्हणून कॉम्प्युटरवर टाकले होते. फोन नंतर बदलला. ती रेकॉर्डिंग आता दुसरीकडे कुठेच नव्हती.

घरच्यांना वाटत होतं की सगळं 'डी' ड्राइव्हमध्ये आहे, 'सी' उडवला तर काय बिघडतं. पण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स ही फोल्डर मुळात 'सी'मध्येच असतात. डेस्कटॉपवर ठेवलेली वस्तू डोळ्यांसमोर दिसते, म्हणून ती सुरक्षित वाटते. फॉरमॅटमध्ये पहिली तीच जाते.

आम्ही आधी ते फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं. मग स्पीकर मागच्या भोकात लावले, तर आवाज आला. म्हणजे पुढची वायर. दुसऱ्या दिवशी कॅबिनेट उघडलं, एचडी ऑडिओचा कनेक्टर मोकळा लोंबत होता. तो बसवला. फॉरमॅट केलं असतं तर आजोबांचा आवाज गेला असता आणि स्पीकरचा आलाही नसता, कारण निघालेली वायर फॉरमॅटने जागेवर बसत नाही.

म्हणून नियम साधा आहे. कुठलीही दुरुस्ती करण्याआधी डेस्कटॉपवरचं आणि फोटोंचं फोल्डर दुसरीकडे घ्या. आवाजासाठी फॉरमॅट ही शेवटची पायरीसुद्धा नाही. तिच्याआधी आणखी एक आहे.

शेवटची परीक्षा: पेनड्राइव्हवरचं उबंटू

दुकानदार म्हणतोय "बोर्डचा साउंड गेला" आणि तुम्हाला खात्री करायची आहे? उबंटू ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम पेनड्राइव्हवर टाका. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, फक्त त्यातलं सगळं आधी काढून घ्या. कॉम्प्युटर त्यावरून चालू करा आणि 'ट्राय' हा पर्याय निवडा. 'इन्स्टॉल' अजिबात निवडू नका. 'ट्राय'मध्ये तुमच्या डिस्कवर काही लिहिलं जात नाही.

तिथे आवाज आला तर चिप ठणठणीत आहे आणि दोष विंडोजच्या ड्रायव्हरचा किंवा सेटिंगचा आहे. तिथेही, योग्य आउटपुट निवडून आणि मागच्या भोकात इअरफोन लावूनही आवाज नसेल, तर मात्र चिप गेल्याची शक्यता खरी. तरी मदरबोर्ड बदलायची घाई नको. काही शे रुपयांत यूएसबी साउंड कार्ड मिळतं. ते यूएसबीत लावायचं, स्पीकरची पिन त्यात लावायची, झालं काम. लेक्चर आणि गाण्यांसाठी ते भरपूर आहे.

दुकानात जायचं असेल तर

कॉम्प्युटर उचलून नेण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहा: कोणता पार्ट कधी बदलला, हिरवी पट्टी हलते का, मागच्या भोकात आवाज येतो का, डिव्हाइस मॅनेजरमध्ये काय दिसतं. गावाहून तालुक्याला कॅबिनेट नेऊन आणायचं म्हणजे एक दिवस आणि गाडीभाडं जातं. त्यामुळे आधी फोनवर हे सांगून बघा. दुकानदार चांगला असेल तर निम्म्या वेळा फोनवरच उत्तर मिळतं.

आणि "माझ्या परवानगीशिवाय फॉरमॅट करू नका" हे तोंडी नाही, पावतीवर लिहून घ्या.

पुढच्या वेळी मदरबोर्ड बदलणार असाल आणि विंडोज ११ असेल, तर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते आधी बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की वहीत लिहून ठेवा. नवा बोर्ड लागल्यावर विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर डिस्कमधलं काहीच उघडत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

टीव्ही मॉनिटर म्हणून लावलाय. आवाज कधी येतो, कधी नाही, असं का?
टीव्ही बंद केला किंवा दुसऱ्या इनपुटवर नेला की एचडीएमआयचं साउंड डिव्हाइस यादीतून जाऊ शकतं, मग विंडोज दुसरं निवडतं. आधी टीव्ही चालू करा, मग कॉम्प्युटर. तरी गोंधळ झाला तर पायरी २.

झूम किंवा मीटमध्ये आवाज नाही, यूट्यूबवर आहे. असं का?
त्या अ‍ॅप्सची स्वतःची आउटपुटची निवड असते. अ‍ॅपच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन स्पीकर बदला. जुनं डिव्हाइस तिथे तसंच अडकून राहिलेलं असतं.

आवाज येतो, पण मागे सतत घूं घूं चालू असतं.
स्पीकर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून बघा. तरीही गेलं नाही तर घरातली अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. ते फक्त आवाजासाठी नाही, कॉम्प्युटरच्या आणि तुमच्या सुरक्षिततेसाठीही गरजेचं आहे.

आमच्याकडे विंडोज १० आहे. ड्रायव्हर मिळेल का?
मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. पण त्यामुळे आवाज बंद होत नाही. बोर्ड कंपन्यांनी आधी दिलेले विंडोज १० चे ड्रायव्हर तसेच चालतात.

आवाज आला, पण माइक चालत नाही.
माइकसाठी वर सांगितलेल्या जुन्या खिडकीत 'रेकॉर्डिंग' नावाचा वेगळा टॅब आहे. तिथे हाच क्रम लावा: डिव्हाइस कोणतं, पट्टी हलते का, पिन गुलाबी भोकात आहे का. शिवाय 'प्रायव्हसी' सेटिंगमध्ये अ‍ॅपला माइकची परवानगी आहे ना, हेही बघा.

तर मित्रांनो, आवाज गेला की आधी स्पीकर, मग आउटपुट, मग हिरवी पट्टी, मग ड्रायव्हर, मग वायर आणि शेवटी बायोस. हा क्रम एका कागदावर लिहून कॉम्प्युटरच्या टेबलाजवळ चिकटवून ठेवा. तुम्ही शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेरगावी गेलात, तर घरच्यांना फोनवर समजावून सांगताना दोघांच्याही समोर तोच कागद असेल.